डावीकडून वाचलेलं पान

“हा म्हातारा पहिल्यापासून खोटं बोलतोय,” बाबा म्हणाले.

गाडी जोगेश्वरीच्या पुलाखाली अडकली होती. पुढे टेम्पो, मागे बस, आणि आमचा ड्रायव्हर आरशात बघून केस सारखे करत बसलेला. बाबांच्या मांडीवर ‘मांगा’चा, म्हणजे जपानी चित्रकथेचा, शेवटचा खंड उघडा होता.

“बोलू नका,” मी म्हटलं. “आवाज रेकॉर्डिंगपुरता राहू दे.”

“मग तू बोल. सांग, इवाजीला ठाऊक होतं की नव्हतं?”

“नव्हतं.”

“कशावरून?”

“पानावरून.”

“मीही पानावरूनच सांगतोय,” ते म्हणाले आणि त्यांना खोकला आला. तो थांबेपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

इवाजी हा एका जपानी अ‍ॅनिमे मालिकेतला म्हातारा. डोंगरात देव राहतो आणि धुकं म्हणजे त्याचा श्वास, अशी त्या गोष्टीतल्या लोकांची श्रद्धा. डोंगराच्या दाराशी इवाजी राखण करतो, अंगण झाडतो, दिवा लावतो आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसतो. देव केव्हाच मेलेला आहे. खालच्या गावात हे पोरासोरांनाही ठाऊक, पण इवाजीला कोणी सांगितलेलं नाही. त्याने लहानाची मोठी केलेली सायो नावाची मुलगी शेवटच्या भागात ते सांगायला वर चढून येते.

ही मालिका मुलांच्या वाहिनीवर मराठीत लागायची आणि इवाजीचा आवाज माझ्या बाबांचा, दामोदर केळुसकरांचा होता. गोदीतल्या नोकरीत असताना त्यांनी कामगार नाट्यस्पर्धा गाजवल्या होत्या. निवृत्त झाल्यावर डबिंग सुरू केलं. “इवाजी म्हणजे आमच्या केळूसचाच असणार,” असं ते सगळ्यांना सांगत. “नाव बघा की. वाडीत हाक मारा, चार जण ओ देतील.” मी कॉलेजात कादंबरी शिकवते. कार्टून म्हणून आधी मी नाक मुरडलं होतं. मग त्यांच्या ओळी घोकून घेताना मालिकेच्या मूळ मांगाचा एकेक खंड वाचत गेले आणि इवाजीवरून आमची जेवणाच्या टेबलावर भांडणं व्हायला लागली.

जपानी पुस्तक आपल्या हिशेबाने मागून उघडतं आणि पानावरच्या चौकटीही उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात. शेवटच्या भागाची मराठी संहिता अजून तयार नव्हती. म्हणून मांगाच्या इंग्रजी भाषांतरातल्या संवादांवर मी मराठी ओळींच्या पट्ट्या चिकटवून दिल्या होत्या. आमचा वाद चालला होता तो एकाच पानावरून. वर उजवीकडे सायो: ‘डोंगरात कोणी नाही, आजोबा. फार वर्षं झाली.’ तिच्या डावीकडे पाठमोरा इवाजी: ‘कोणी नाही. फार वर्षं झाली.’ खाली उजवीकडे पुन्हा सायो: ‘तुम्हाला सांगायला कोणाची जीभ रेटली नाही.’ आणि शेवटी डावीकडे हात पुढे केलेला इवाजी: ‘झाडू दे इकडे. पानं पडलीत.’

बाबांचं बोट इवाजीवरून सायोकडे सरकत होतं.

“तुम्ही डावीकडून वाचताय,” मी म्हटलं.

“मग कुठून वाचू?”

“हे उजवीकडून वाचतात. सायो आधी बोलते. त्याला धक्का बसतो, म्हणून तो तिचंच वाक्य पुन्हा म्हणतो. तिथे तो बदलतो, बाबा. इतके खंड नुसता खेकसणारा माणूस पहिल्यांदाच दुसऱ्याचं ऐकून घेतो. सगळी गोष्ट त्या क्षणासाठी रचलीय.”

“हे तुझं कॉलेजातलं.”

“हे पुस्तकातलं आहे.”

“माझ्या पुस्तकात पोर दारात उभी आहे आणि तिचं तोंड उघडत नाही. तेव्हा तो म्हणतो, कोणी नाही, फार वर्षं झाली. मग ती आपली मान हलवल्यासारखी तेच म्हणते.” त्यांनी पानावर टिचकी मारली. “त्याला ठाऊक होतं. अंगण झाडत होता तेव्हाही ठाऊक होतं.”

“मग इतकी वर्षं दिवा कशाला लावला?”

“गावाला बरं वाटावं म्हणून. आणि माणूस काय एका पानात बदलतो होय गो? तो असतो तसाच. आपल्याला उशिरा दिसतो.”

गाडी हलली. पर्समधला फोन थरथरत होता आणि तो माझ्या भावाचा आहे हे न बघताच मला कळत होतं.

त्या संध्याकाळी बाबांना हॉस्पिटलात दाखल व्हायचं होतं आणि सकाळी ऑपरेशन होतं. घशात गाठ आहे, ती काढली की आवाज थोडा घोगरा राहील, एवढंच त्यांना सांगितलेलं होतं. मला आणि माझ्या भावाला, उमेशला, पूर्ण ठाऊक होतं. स्वरयंत्रच काढणार होते. त्यानंतर श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून घ्यायचा आणि बोलणं संपलं. उमेश नागपुरात होता. त्याचं म्हणणं ठाम होतं: “आत्ता सांगितलंस तर ते टेबलावर जायचेच नाहीत. मी ओळखतो त्यांना. आवाज गेला तर जगू कशाला म्हणतील. शुद्धीवर आल्यावर कळेलच.” डॉक्टर सबनीस तितकेच ठाम होते. “सही पेशंटची लागेल आणि ती समजून केलेली लागेल. दाखल व्हायच्या आधी तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगेन, आणि मी सांगितलेलं त्यांना जड जाईल.”

मी सांगते, असं मी म्हटलं होतं. सकाळी चहाच्या वेळी सांगायचं ठरवलं आणि सांगितलं नाही. स्टुडिओत जाण्याआधी सांगावं तर त्यांचा शेवटचा भाग बिघडेल. स्टुडिओनंतर सांगावं, तर आपण शेवटचं बोलतोय हे माहीत नसतानाच ते शेवटचं बोलून बसलेले असतील. गाडी अंधेरीत शिरली तरी मी या दोन टोकांमध्येच होते.

स्टुडिओ एका बँकेच्या वरच्या मजल्यावर होता. डबिंगची दिग्दर्शक ग्रीष्मा नाडकर्णी जिन्यातच भेटली. बाबांच्या पाया पडली, मग माझ्या हातातली थर्मासची पिशवी घेतली.

“काका, चॅनलवाले विचारत होते. म्हणे, या सीझनला इवाजी एवढा म्हातारा कसा केलात? आवाज मुद्दाम पिकवलाय का?”

“आंबा आहे तो? पिकवायला?” बाबा म्हणाले.

ती हसली. मला हसता आलं नाही. उन्हाळ्यापासून त्यांचा आवाज बसत चालला होता आणि आम्ही सगळ्यांनी तो अभिनय समजून गोड मानून घेतला होता. ग्रीष्माने दाद दिली, वाहिनीने दाद दिली. घरी त्यांनी घोगऱ्या आवाजात चहा मागितला की मीही म्हणायची, “बाबा, इवाजीला स्टुडिओत ठेवून येत जा.” पात्राचा विकास चालला आहे असं आम्ही धरून चाललो आणि वाढत होती ती गाठ.

ग्रीष्मालाही किरकोळ ऑपरेशन एवढंच माहीत होतं. शेवटच्या भागाचं चित्र जपानहून यायला महिना होता. नेहमी चित्र बघत, मूळ आवाज कानात ऐकत, ओठांच्या हालचालीला वाक्य बसवावं लागतं. पण काका महिनाभर घसा वापरू शकणार नाहीत, तेव्हा त्यांच्या ओळी मांगावरून आधीच घेऊन ठेवू आणि चित्र आलं की कापून बसवू, असं तिने ठरवलं होतं.

“सायो कुठंय?” बाबांनी विचारलं. सायोचा आवाज देणारी मुलगी बारावीला होती.

“प्रॅक्टिकल आहे तिची. पण समोरून कोणीतरी बोललं तर तुम्हाला बरं पडतं ना?” ग्रीष्मा माझ्याकडे वळली. “वैजूताई, तू देशील तिच्या ओळी? तुझा आवाज ठेवायचा नाहीये, नुसता काकांना धागा मिळावा म्हणून.”

“मला जमणार नाही,” मी म्हटलं.

“वर्गात तासभर बडबडतेस,” बाबा म्हणाले, “चार ओळी जमणार नाहीत?”

बूथमध्ये दोन माइक, दोन उंच स्टुलं आणि एक संहिता ठेवायचा स्टँड होता. दार बंद झालं तशी रस्त्यावरची गाडी-माणसं एकदम पुसली गेली. बाबांचा श्वास मला ऐकू यायला लागला, त्यातल्या शिट्टीसकट. काचेपलीकडे इम्रान मशिनवर बसला होता आणि त्याच्या मागे ग्रीष्मा उभी होती.

आधीची पानं झाली. इवाजी व्यापाऱ्यावर खेकसला, गावच्या मुख्याला हाकलून दिलं, मांजराशी बोलला. बाबा प्रत्येक ओळीआधी डोळे मिटत आणि ओळ संपली की कोमट पाण्याचा घोट घेत. मग ते पान आलं.

“सायो येते, थांबते, सांगते,” हेडफोनमध्ये ग्रीष्माचा आवाज आला. “काका, तुम्ही झाडताय. ताई, तुझ्यापासून.”

मी पट्टीवरची ओळ बघितली. अक्षर माझंच होतं.

“डोंगरात,” मी म्हटलं आणि थांबले.

“काही हरकत नाही. पुन्हा.”

“डोंगरात कोणी...”

मी खोकल्यासारखं केलं, थर्मासकडे हात नेला. बाबा माझ्याकडे पाहत होते. ते सहसा माइकसमोर समोरच्याकडे बघत नसत.

“एसी कमी करू का?” इम्रानने विचारलं.

“नको,” बाबा म्हणाले. “ग्रीष्मा, मी आधी बोलतो. इवाजी आधी, सायो नंतर.”

“काका, पानावर तर सायो...”

“माझ्या पानावर इवाजी आधी आहे.”

काचेपलीकडे ग्रीष्मा वाकून स्वतःच्या प्रतीकडे पाहायला लागली. मग तिने मान वर करून बाबांकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ.

“काका, तुम्ही हे डावीकडून वाचताय का?”

“आम्ही केळूसच्या शाळेत डावीकडूनच शिकलो.”

“मी गाडीत सांगितलं त्यांना,” मी म्हटलं. “ऐकत नाहीत.”

ग्रीष्मा काहीतरी बोलणार होती. तिची नजर बाबांवरून माझ्यावर आली आणि ती गप्प झाली. “घेऊया,” तिने म्हटलं. “तुमच्या पद्धतीनं घेऊया. इम्रान, रोल कर.”

बाबांनी या वेळी डोळे मिटले नाहीत. पाठमोरा इवाजी करायचा म्हणून ते एरवी मान वळवून बोलले असते. तेही केलं नाही. माझ्याकडे बघत, एखाद्याला घड्याळात किती वाजले ते सांगावं तसं म्हणाले,

“कोणी नाही. फार वर्षं झाली.”

मला माझी ओळ म्हणायची होती.

“डोंगरात कोणी नाही, आजोबा,” मी म्हटलं. “फार वर्षं झाली.”

“झाडू दे इकडे. पानं पडलीत.”

“तुम्हाला सांगायला,” मी म्हटलं, आणि पुढचं स्टँडवर न बघताच म्हटलं, “कोणाची जीभ रेटली नाही.”

बाबांनी मान हलवली. इवाजीची मान कोणाला दिसणार नव्हती, चित्र अजून यायचं होतं.

“झकास,” इम्रान म्हणाला.

मी हेडफोन काढायला गेले तर बाबांनी हात वर करून थांबवलं. “ग्रीष्मा, आता सुटे आवाजही घे. हसणं, कण्हणं, हुंकार, जांभई. सगळं घे.”

“आत्ता कशाला? एवढे तुम्ही दमलाय. महिन्याभराने येणारच आहात ना.”

“घेऊन ठेव. पुढे कधी लागतील.”

मग ते एकामागून एक आवाज देत गेले. जिना चढल्याची धाप. गरम चहाचा चटका. लांबून कोणी ओळखीचं दिसल्यावरचं ‘आं?’. न पटलेलं ‘हं’ आणि पटलेलं पण कबूल न केलेलं ‘हं’. शिंक दिली तेव्हा इम्रान हसला, मग त्याचं हसू हळूहळू गेलं. शेवटी बाबांनी सायोला हाका मारल्या. जेवायला बोलावतानाची, रागावल्याची, ती दूर धुक्यात गेली असतानाची. त्या शेवटच्या हाकेला आवाज अर्ध्यात फाटला. “ही राहू दे,” ते म्हणाले, “फाटकीही लागते.”

मी भिंतीवरच्या फोमच्या चौकड्यांकडे पाहत उभी होते. त्यांना कळलंय, असं एकदा वाटे. मग वाटे, आपणच सुटका शोधतोय. काहीच ठाऊक नसलेला माणूसही जांभया रेकॉर्ड करून ठेवू शकतो. मला अजून सांगायचंच होतं.

हॉस्पिटलला जाताना गाडीत सांगायचं ठरवलं. बाबा मागच्या सीटवर डोकं टेकून झोपले, किंवा झोपल्यासारखे राहिले.

डॉक्टर सबनीसांची खोली लहान होती. टेबलावर घशाचं प्लॅस्टिकचं मॉडेल होतं, त्याचे तुकडे सुटे होत होते. त्यांनी कागद पुढे केला, पेन दिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“सांगितलंत ना त्यांना?”

माझं तोंड उघडलं. त्यातून काय निघणार होतं, मला आजही ठाऊक नाही.

“सांगितलं तिनं,” बाबा म्हणाले.

“काय सांगितलं?” डॉक्टर सोडणाऱ्यातले नव्हते.

“आवाजाची पेटी काढणार. उद्यापासून बोलायचं नाही, कधीच. श्वास इथून.” त्यांनी गळ्याच्या खळग्यावर बोट ठेवलं. “नीट सांगितलं. मास्तरीण आहे ती.”

“मग तुमची तयारी आहे?”

बाबांनी पेन हातात धरलं आणि लगेच सही केली नाही. त्यांनी ते मॉडेल उचललं, त्यातला एक तुकडा काढून पाहिला, परत जागेवर बसवायला लागले. बसेना. बाहेर कोणीतरी ट्रॉली ढकलत नेली. उमेशचं वाक्य माझ्या कानात होतं: टेबलावर जायचेच नाहीत.

“बांगडा खाता येईल?” त्यांनी विचारलं.

“काही आठवड्यांनी. काटे काढून.”

“काटे ही काढून देते,” ते म्हणाले आणि त्यांनी सही केली.

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो.

“कधी कळलं?” मी विचारलं.

“सबनीसांच्या दारात गळ्याला भोकं असलेली माणसं बघत होतोच. पण तू जन्मभर मला ‘हळू बोला’ म्हणत आलीस,” बाबा म्हणाले. “‘बोलू नका’ कधीच म्हणाली नव्हतीस.”

सकाळी त्यांना आत नेताना वॉर्डबॉयने स्ट्रेचर वळवलं तेव्हा त्यांनी मला खूण करून जवळ बोलावलं. मी वाकले. “ते पुस्तक घरी ने,” ते म्हणाले. “इथं हरवेल.” त्यांच्या आवाजातलं हे शेवटचं.

त्यानंतर ते बरीच वर्षं जगले. पाटीवर लिहीत, टाळ्या वाजवून बोलावत, माझ्याशी भांडणं मात्र पूर्वीसारखीच करत. मालिकेचा शेवटचा भाग लागला तेव्हा त्यांनी मला टीव्हीचा आवाज वाढवायची खूण केली. पडद्यावर सायो आधी बोलली. इवाजी तिच्यामागून तेच वाक्य म्हणाला. ग्रीष्माने ओळी चित्राप्रमाणे लावून घेतल्या होत्या.

“बघा,” मी म्हटलं, “उजवीकडूनच होतं.”

बाबांनी माझ्यापुढे हात पसरला, इवाजीने झाडूसाठी पसरला होता तसा. मी त्यावर टीव्हीचा रिमोट ठेवला.

ते गेल्या पौषात गेले. दिवसकार्य झाल्यावर ग्रीष्मा भेटायला आली. आता तिच्या हाताखाली चार दिग्दर्शक आहेत. तिने बाबांच्या खुर्चीत बसायचं टाळलं, वेताच्या मोड्यावर बसली. बोलता बोलता इवाजीवर आली.

“मला मांगा वाचायला काकांनी शिकवलं, ठाऊक आहे ना तुला?”

“नाही,” मी म्हटलं.

“पहिल्या सीझनला ग. पहिलीच नोकरी माझी. मी सगळी पानं डावीकडून वाचली आणि मीटिंगमध्ये सगळ्यांना उलटीच गोष्ट सांगत सुटले. काकांनी चहाच्या निमित्ताने बाहेर नेलं आणि दाखवलं. ‘उजवीकडून, ग्रीष्मा. इथं माणसं आधी विचारतात, मग उत्तर देतात.’ कोणासमोर बोलले नाहीत. तुझ्याही नाही, बहुतेक.” तिने कप खाली ठेवला. “म्हणून त्या दिवशी ते हट्ट धरून बसले तेव्हा मला कळेना. वाटलं, वयाने विसरायला लागले. मग काचेतून तुझा चेहरा दिसला.”

“तू काही बोलली नाहीस.”

“काय बोलणार? ते तुझं काम करत होते.”

ती गेल्यावर मी कपाटातून तो खंड काढला. पट्ट्यांचा गोंद सुकला होता, दोनतीन सुटून हातात आल्या. त्या पानावरच्या मात्र जागच्या जागी होत्या. मी खिडकीशी उभं राहून ते पान वाचलं, डावीकडून.